आधी तळवे, मग पालथे

निळ्या सदऱ्यातल्या माणसाने जिंकलेली पन्नासची नोट घडी घालून खिशात सारली, मग दोन्ही हात छातीसमोर धरले, तळवे वर केले, पालथे केले आणि हलकेच टाळी वाजवली. एवढंच. दीड सेकंदही लागला नसेल. भोवती उभ्या असलेल्या पंधरा-वीस माणसांपैकी कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. गेलं असतं तरी माणूस खुशीत आहे, यापलीकडे त्यांना काही वाटलं नसतं. ग्वेंडा पार्फिटने मात्र ते हात ओळखले. टाळीच्या आधी असे तळवे दाखवणारी माणसं जगात एकाच ठिकाणी असतात. कॅसिनोच्या टेबलामागे उभं राहणारा डीलर टेबल सोडताना, नाक खाजवताना, खिशाजवळ हात नेताना छताला लावलेल्या कॅमेऱ्याला हे असं दाखवतो. हातात जुगाराची चकती नाही, बाहीत चकती नाही, बघून घ्या. पोर्ट्समथच्या कॅसिनोत ग्वेंडाने एकोणतीस वर्षं हे केलं होतं, आणि निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत हात ते विसरले नव्हते. भांडी घासून झाली की सिंकपाशी ते वर-खाली व्हायचे. आईच्या शवपेटीवर मूठभर माती टाकल्यावरही ते तसेच झाले होते, आणि पाद्रीबुवा प्रार्थनेचं वाक्य अर्धं सोडून तिच्याकडे बघत राहिले होते.

निळा सदरा या टोळीतलाच आहे हे तिला आल्या-आल्या कळलं होतं. पुठ्ठ्याच्या उलट्या खोक्यावर तीन काडेपेट्यांची रिकामी टरफलं, त्यातल्या एकाखाली चंदेरी कागदाची गोळी, टरफलं सरकवणारा हडकुळा माणूस, आणि गर्दीत मिसळून जिंकत राहणारे त्याचेच चौघं-पाचजण. यात नवं काही नव्हतं. जहाजावर आदल्या संध्याकाळी एका अधिकाऱ्याने पडद्यावर चित्रं दाखवून हेच सांगितलं होतं: बार्सिलोनात उतरल्यावर रस्त्यावरच्या खेळापाशी थांबू नका, थांबलात तर गळ्यातलं जहाजाचं कार्ड कपड्याच्या आत घाला, ते बघूनच गिऱ्हाईक हेरतात. लोक हसत होते. ग्वेंडाही हसली होती. भीती वाटली ती आता, त्या हातांमुळे. या माणसाला कुणीतरी शिकवलं होतं. कुठल्या तरी शहरात तिच्यासारखीच एक बाई सहा आठवडे त्याच्या पाठीशी उभी राहिली असेल आणि म्हणाली असेल, आधी तळवे, मग पालथे, घाई करू नकोस. तो तिच्या घरातला निघाला होता. अनोळखी गल्लीत आपल्याच घरातलं माणूस भेटावं आणि त्याने ओळख दाखवू नये, अशी काहीशी ती भीती होती.

सकाळचे अकरा वाजले होते. झाडांखालच्या रुंद फरसबंदीवरून माणसांचा लोंढा बंदराकडून वर आणि वरून बंदराकडे चालला होता. आयरिस तिच्यापुढे दोन माणसं सोडून, थेट खोक्यापाशी पोचली होती. ग्वेंडाने माणसं मोजली. मोजणं हा तिचा धंदाच होता. टेबलाच्या टोकाला उभं राहून एका नजरेत चकत्यांची चळत आणि माणसाचा चेहरा मोजायचा. हडकुळा खेळवणारा एक. निळा सदरा दोन. बाबागाडीवाली बाई तीन, गाडीवर दुपटं होतं पण दुपट्याखाली हालचाल नव्हती. झाडाला टेकलेला टकलू चार, तो खेळाकडे बघतच नव्हता, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघत होता. पाचवा कुठे? पाचवा असणारच. तो सापडत नाही म्हटल्यावर तिच्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण जो सापडत नाही तो आपल्या मागे असतो. तिने वळून पाहिलं नाही. टेबलावर असताना मागे वळून पाहायचं नसतं.

आयरिस होलरॉईड तिला भेटून पाचच दिवस झाले होते. पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर दोघींना शेजारी बसवलं, दोघी एकट्या म्हणून. आयरिस हॅलिफॅक्सची, उभा जन्म लॉन्ड्रीत गेलेला, हसली की खांदे हलायचे. ग्वेंडाचं काम काय होतं हे कळल्यावर तिला कोण आनंद झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, ही माझी मैत्रीण, हिच्यासमोर खोटं बोलू नका, हिचे डोळे म्हणजे कॅमेरे आहेत. दुसऱ्या रात्री पुडिंग येईपर्यंत वेळ होता म्हणून ग्वेंडाने तिला ते हात दाखवले. आयरिसने चमचा खाली ठेवून नीट बघितलं, स्वतः करून पाहिलं, दोनदा चुकली. मग विचारलं, याचा अर्थ काय म्हणायचा? ग्वेंडा म्हणाली, याचा अर्थ सगळं स्वच्छ आहे, कसलीही लबाडी नाही. तेव्हापासून आयरिस बशी रिकामी झाली की वेटरला तळवे-पालथे करून दाखवायची आणि स्वतःच हसायची.

पाकीटही तिने दाखवलं होतं, तिसऱ्या रात्री, केबिनचं दार लावून. सहाशे युरो, शंभराच्या सहा नोटा, इस्त्री केलेल्या. खरोखर इस्त्री केलेल्या. आयरिसला चुरगळलेलं काही बघवत नसे. कपाटात लॅव्हेंडरच्या पुरचुंडीशेजारी ते पाकीट चार महिने होतं, त्यामुळे नोटांना तिच्या चादरींचा वास लागला होता. उद्याचं बंदर अलिकांते. तिथे आयरिसची मुलगी राहते. सहा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. कशावरून, ते आयरिसने सांगितलं नाही आणि ग्वेंडाने विचारलं नाही. आता पत्र आलं होतं की जहाज लागेल तेव्हा नातीला घेऊन धक्क्यावर येईन, दोन तास. नात पाच वर्षांची, नेल तिचं नाव, आजीने तिला अजून पाहिलेली नाही. तिला सायकल हवी आहे असं पत्राच्या तळाशी लिहिलं होतं, आणि आयरिस तो तळ पुन्हा पुन्हा वाचायची. म्हणाली, "सहा वर्षांनी जातेय गं. रिकाम्या हातांनी कशी जाऊ?"

आता ती खोक्यासमोर वाकून उभी होती आणि गळ्यातलं कार्ड बाहेर लोंबत होतं. ते आत घाल, एवढं तरी आपण बसमध्ये सांगायला हवं होतं, असं ग्वेंडाला वाटलं. मघाशी थांबल्या तेव्हा आयरिसच म्हणाली होती, थांबून बघू या की, तू असताना मला कोण फसवणार, तू नुसती डोळे उघडे ठेव. यात थट्टा होती आणि विश्वासही होता. ग्वेंडाला ते सुखावलं होतं, खोटं कशाला बोला. तीन वर्षांत तिच्या डोळ्यांची कुणाला गरज पडली नव्हती. पंधरा मिनिटं उभं राहून आयरिसला हळूच दाखवावं, बघ, तो गोळी बोटांच्या बेचक्यात कशी उचलतो, आणि मग दोघींनी आईस्क्रीम खायला जावं, असा तिचा बेत होता. पण आयरिस पुढे सरकली, बाबागाडीवालीने तिला मोठ्या अदबीने वाट करून दिली, आणि मधली दोन माणसं भिंतीसारखी उभी राहिली. आयरिसने वीस लावले आणि जिंकली. वळून ग्वेंडाकडे बघून तिने डोळा मिचकावला. पन्नास लावले, पुन्हा जिंकली. गोळी तिला दिसत होती कारण दिसू दिली जात होती. ग्वेंडाने तोंड उघडलं तेवढ्यात तिच्या मानेपाशी पेपरमिंटचा आणि तंबाखूचा वास आला. निळा सदरा समोर नव्हता. तो मागे आला होता. घोगऱ्या, सभ्य इंग्रजीत तो म्हणाला, "बाईसाहेब, ऊन फार आहे. उगीच जिवाला त्रास करून घेऊ नका."

त्याने तिला हात लावला नाही. तेही शिकवलेलं असतं. गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही, हातात हात द्यायचा नाही. एकोणतीस वर्षांत ग्वेंडाने टेबलाच्या पलीकडच्या एकाही माणसाशी हस्तांदोलन केलं नव्हतं. ओळखीचे झालेले म्हातारे नाताळला हात पुढे करायचे तेव्हा ती मान लववायची. डीलरच्या कोटाचे खिसेही शिवून टाकलेले असायचे. पहिल्या वर्षी ते आईने शिवले होते, दातांनी दोरा तोडत, पोटच्या पोरीला चोर समजणारी ही कसली नोकरी म्हणत. मॉइराचे खिसे ग्वेंडाने स्वतः शिवले होते. मॉइरा एकवीस वर्षांची, आयर्लंडची, ब्लॅकजॅकच्या, म्हणजे पत्त्यांच्या, टेबलावर नवीन, तिच्यावर लक्ष ठेवायचं काम ग्वेंडाकडे. सत्त्याऐंशी सालच्या मार्चमधला शुक्रवार होता. टेबलावर पाच चकत्या कमी भरल्या, कॅमेरा त्या आठवड्यात बंद होता, आणि मॅनेजर क्रॅडॉक यांनी ग्वेंडाला खोलीत बोलावून विचारलं, टेबल सोडताना या मुलीने हात दाखवले का? ग्वेंडाची दाढ ठणकत होती त्या दिवशी. त्या घटकेला ती टेबलाकडे बघतच नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, सुट्टी व्हायला किती वेळ आहे म्हणून. पण बघत नव्हते म्हणणं म्हणजे आपलीच नोकरी घालवणं. ती म्हणाली, "नाही, मी तिला हात दाखवताना पाहिलं नाही." वाक्य शब्दशः खरं होतं. मॉइराचा परवाना गेला. जाताना ती ग्वेंडापुढे थांबली, तळवे दाखवले, पालथे केले, टाळी वाजवली आणि निघून गेली. त्या टाळीचा आवाज फार मोठा नव्हता. पुढे कित्येक वर्षं ग्वेंडा भांडी घासताना नळ मोठा सोडायची.

हडकुळ्याने काहीतरी म्हटलं. निळ्या सदऱ्याने तिच्या खांद्यामागूनच ते इंग्रजीत आयरिसला ऐकवलं: बाईंचा हात आज चांगला चाललाय, मोठा डाव लावला तर दुप्पट. आयरिसने पर्स उघडली. पाकीट बाहेर आलं. ग्वेंडाला वास आला, की आल्यासारखा वाटला, उन्हात तापलेल्या फरसबंदीवर, तंबाखूच्या वासातून, चादरींचा. टरफलं सरकली. हडकुळ्याच्या करंगळीची बारीकशी हालचाल ग्वेंडाला स्वच्छ दिसली, आणि दिसली याचा क्षणभर आनंदही झाला, डोळे गेले नाहीत आपले. गोळी आता तिन्ही टरफलांपैकी एकाखालीही नव्हती. ती त्याच्या करंगळीच्या मुळाशी होती. आयरिसने डावीकडच्या टरफलावर बोट ठेवलं, दुसऱ्या हातात पाकीट, आणि मान वळवून दोन माणसांच्या मधल्या फटीतून ग्वेंडाकडे पाहिलं. "हेच ना गं? बरोबर आहे ना सगळं?"

एक शब्द पुरे होता. नाही. ग्वेंडाने तो जिभेवर घेतला. मागच्या माणसाचा श्वास थांबला होता, तोही वाट बघत होता. झाडाखालचा टकलू आता रस्त्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. बाबागाडीचं चाक तिच्या घोट्याला टेकलं होतं. कधी टेकलं ते कळलं नव्हतं. तिला वाटलं, शब्द उच्चारला की काहीतरी बारीक, धारदार कमरेत शिरेल आणि कुणाला दिसणारही नाही. असं काही होत नाही, ही माणसं पैशाची, रक्ताची नव्हेत, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही भीती गेली नाही. आणि तोंडाने काही करायच्या आधी हातांनी केलं. ते छातीसमोर आले, तळवे वर झाले, पालथे झाले, हलकी टाळी वाजली. काही संकट आलं, की टेबलापासून सुटका हवी असली, की ते तेवढंच करायला शिकले होते. मला जाऊ द्या, माझ्याकडे काही नाही.

आयरिसच्या चेहऱ्यावरची शंका गेली. ती हसली, खांदे हलले. पाकीट तिने खोक्यावर ठेवलं.

टरफल उचललं तेव्हा खाली काही नव्हतं. आयरिस "अरेच्चा" एवढंच म्हणाली, चमचा हातातून पडावा तसं. मग झाडाखालच्या टकलूने "आग्वा" अशी हाक दिली, पाणी, पोलीस दिसले की ही माणसं पाणी म्हणून ओरडतात. पोलीस दिसले होते की नव्हते कुणास ठाऊक. लाथेने खोकं उलटलं, बाबागाडी भलत्याच वेगाने निघाली, गर्दी फाटली. पाकीट हडकुळ्याच्या हातातून निळ्या सदऱ्याच्या हातात गेलेलं ग्वेंडाने पाहिलं. तो पळाला नाही. पाकीट सदऱ्यात घालून तो चालत तिच्यासमोर आला आणि जुन्या ओळखीच्या माणसाने करावा तसा त्याने हात पुढे केला. हसरा, दमलेला चेहरा, पन्नाशीचा असावा, दाढी नीट केलेली. ग्वेंडाने हात का दिला ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. पुढे केलेला हात घ्यायचा, असं बाकीच्या जगाला लहानपणी शिकवतात, आणि त्या घटकेला तिला बाकीच्या जगातलं व्हायचं होतं. त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "कुठल्या कॅसिनोत होतात, ताई?" त्याने हळूच विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. "उत्तम काम केलंत. जहाज पुन्हा लागेल तेव्हा या." हात सोडला तेव्हा तिच्या मुठीत कागदाची लहानशी चौकोनी घडी होती.

तिने मूठ मिटून घेतली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. चार पावलांवर आयरिस जमिनीवर पडलेलं एक टरफल उचलून आत बघत होती.

पोलिसांकडे जाऊ असं ग्वेंडा म्हणाली, तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. आयरिस नको म्हणाली. परक्या देशात जबाब देत बसलं की जहाज चुकेल, आणि जहाज चुकलं की उद्याचं अलिकांते चुकेल. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. तिने ग्वेंडाला एका शब्दानेही दोष दिला नाही, उलट समजूत काढली. तुझ्यासारखीला दिसलं नाही तर माझी काय कथा. हातचलाखीच ती. तूही कशी गोंधळलीस बघ, चेहरा पांढरा पडलाय तुझा, पाणी पी. तिने पिशवीतून बाटली काढून दिली. ग्वेंडाने ती डाव्या हाताने घेतली, डाव्या हाताने झाकण उघडायचा प्रयत्न केला. आयरिसने बाटली परत घेऊन झाकण उघडून दिलं. उजवा हात ग्वेंडाच्या स्वेटरच्या खिशात होता. निवृत्तीनंतर घेतलेला स्वेटर, दोन खोल खिसे, ते बघूनच तिने तो घेतला होता. मुठीला घाम सुटला होता आणि घामाबरोबर तो वास वर येत होता, लॅव्हेंडरचा, चादरींचा. बसभर पसरेल, आयरिस मान वळवेल आणि म्हणेल, हा वास कुठून येतोय? पण आयरिस समुद्राकडे बघत होती. खूप वेळाने म्हणाली, "नेलला सांगेन, आजीला सायकलचं दुकानच सापडलं नाही." आणि थोड्या वेळाने, "नाहीतर मी उतरतच नाही उद्या. बरं वाटत नाही म्हणून कळवते."

मुठीतली नोट खिडकीतून फेकून द्यावी. खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्या. आयरिसच्या पिशवीत हळूच सरकवावी. एकच नोट आत आलेली दिसली की ती विचारणार, बाकीच्या पाच कुठे गेल्या, आणि ही कशी परत आली. गुपचूप ठेवून घ्यावी, आणि उद्या जहाजावरच्या दुकानातून शंभराची काही वस्तू घेऊन, ही नेलला माझ्याकडून म्हणून द्यावी. हे तिला पटलं. फार लवकर पटलं, आणि त्या पटण्याचीच तिला भीती वाटली. सत्त्याऐंशी सालीही तिला असंच लवकर पटलं होतं. तेव्हा न पाहता बोलले, आज पाहून बोलले नाही. मधली सगळी वर्षं ती छताच्या कॅमेऱ्याला हात दाखवत राहिली होती, आणि कॅमेऱ्याने कधीच तक्रार केली नव्हती.

धक्क्यावर जहाज पांढऱ्या इमारतीसारखं उभं होतं. जिन्यापाशी रांग होती. वरच्या टोकाला मारिसेल नावाची, मनिलाची, गोल चेहऱ्याची कर्मचारी बाई रोजच्यासारखी जंतुनाशकाची बाटली घेऊन उभी होती. चढणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही हात पुढे करायचे, ती फवारा मारणार, मग आत. तिचं रोजचं गुणगुणणं खालपर्यंत ऐकू येत होतं, हात बघू आजोबा, हात बघू मावशी, शाब्बास. रांग एकेक पायरी वर सरकत होती. ग्वेंडा पुढे, आयरिस तिच्या मागे. आयरिसचा हात तिच्या पाठीला टेकलेला होता, गुडघे दुखतात म्हणून जिन्यावर ती असा आधार घ्यायची. ग्वेंडाला त्या तळव्याची ऊब स्वेटरमधून लागत होती. मागे वळता येत नव्हतं. खाली उतरता येत नव्हतं.

"हात बघू, मिसेस पार्फिट," मारिसेल म्हणाली. ग्वेंडाने डावा पुढे केला. फवारा गार लागला. मारिसेल थांबली, बाटली तशीच धरून. "आणि दुसरा? दुखला का कुठे?"

डाव्या हातावर एक फवारा पुरे झाला असता. दुखला म्हटलं असतं तर मारिसेलने सोडलं असतं, आयरिसने तर केबिनमध्ये येऊन पट्टीही बांधली असती. पाठीवरचा तळवा काळजीने किंचित दाबला गेला. ग्वेंडाने उजवा हात खिशातून काढला आणि डाव्याशेजारी धरला. बोटं आखडली होती, ती एकेक करून उघडावी लागली. घडी आपोआप उकलत गेली, कडक, सरळ, घामानेही न मोडलेल्या इस्त्रीची. मारिसेलने काय करावं ते न कळून फवारा मारला, आणि ओल्या नोटेतून तो वास जिन्यावर सगळीकडे पसरला.

पाठीवरचा हात दूर झाला.

ग्वेंडा वळली नाही. "त्यांनी मला दिली," ती समोर बघूनच म्हणाली, "गोळी नव्हती आयरिस, एकाखालीही नव्हती. मला दिसत होतं." खालच्या पायऱ्यांवरून कुणीतरी, काय झालं, पुढे चला की, म्हणालं. मारिसेलने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग ग्वेंडाच्या कोपराशेजारून, तिला स्पर्श होणार नाही अशा बेताने, आयरिसचे दोन हात पुढे आले. लॉन्ड्रीत भाजलेल्या जुन्या डागांचे, सुरकुतलेले हात. आधी तळवे वर झाले, मग पालथे. टाळी वाजली नाही. ते तसेच फवाऱ्याची वाट बघत राहिले, रिकामे.